जेवण होऊ द्या, मग सांगू

२०२३ साल होतं, फेब्रुवारी महिना. तारीखही लक्षात आहे, कारण आचलने ती फलकाच्या वरच्या कोपऱ्यात लिहून भोवती चौकट काढली होती: सतरा, शुक्रवार. दुसऱ्या दिवशी महाशिवरात्र होती. त्या शुक्रवारी नागपूरच्या तपासनीस रागिणी मॅडम आमचा कक्ष किती परिपक्व झाला आहे ते ठरवणार होत्या.

अमरावतीत राजापेठेच्या मागे, एका दातांच्या दवाखान्याच्या वर आमच्या दोन खोल्या होत्या. अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यातल्या आठ गावांना गोडं पाणी पोचवायचं काम एका संस्थेने घेतलं होतं. त्या भागातलं विहिरीचं पाणी असं की त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. गावोगावी टाक्या, नळ, पाणी शुद्ध करायची यंत्रं उभी राहत होती आणि त्या सगळ्यावर एका जागेवरून लक्ष ठेवायला हा कक्ष होता. दारावर ‘प्रकल्प व्यवस्थापन कक्ष’ अशी पाटी होती, तोंडाने सगळे पीएमओ म्हणायचे. पहिल्या दिवशी मी ऑटोवाल्याला तसाच पत्ता सांगितला, तर तो म्हणाला, “मावशी, दिल्लीले नाही जात माहा ऑटो.”

कक्षाचे प्रमुख वामनराव काळमेघ. निवृत्त इंजिनिअर. तरुणपणी ते अकोल्याच्या ज्या सरकारी कचेरीत रुजू झाले, तिथेच मी कारकून होते. पुढे मी हेडक्लार्क होऊन निवृत्त झाले, घरी बसून कंटाळले, आणि त्यांनी बोलावलं म्हणून चौसष्टाव्या वर्षी पुन्हा दप्तर सांभाळायला आले. आचल फुसे ही पंचवीस वर्षांची मुलगी कामाचं वेळापत्रक बघायची. कुलदीप गावंडे हा इंजिनिअर अकोल्याला राहून गावोगावच्या बांधकामावर फिरायचा. आणखी दोघंतिघं होते, पण या गोष्टीत एवढेच पुरेत.

परिपक्वतेच्या पाच पायऱ्या असतात हे मला आचलने समजावलं. मी म्हटलं, “आंबे पिकवायचे आहेत की काय?” ती हसली नाही. पहिली पायरी म्हणजे ज्याचं काम त्याच्या डोक्यात. दुसरी म्हणजे कागदावर. तिसरी म्हणजे सगळ्यांचं काम एकाच रीतीने, कोणी आजारी पडलं तरी न अडणारं. चौथी-पाचवी आमच्या आवाक्यातली नव्हती. तिसरी मिळाली तर पुढच्या टप्प्यातली चौदा गावं आमच्याकडे येणार होती. नाही मिळाली तर एकतीस मार्चला कक्ष बंद आणि ती गावं नागपूरच्या एका कंपनीकडे. वामनरावांचा जीव त्या चौदा गावांत अडकला होता. त्यांची धाकटी बहीण त्याच पट्ट्यात दिलेली होती आणि मूत्रपिंडाच्या दुखण्याने गेली होती. ते हे कधी बोलत नसत. मला जुन्या ओळखीमुळे माहीत होतं.

तिसऱ्या पायरीसाठी आम्ही दीड वर्ष धडपडलो. वामनरावांच्या डोक्यातलं आणि खिशातल्या डायऱ्यांमधलं सगळं मी रजिस्टरात उतरवलं. कामात कुठलाही बदल करायचा तर साहेबांची लेखी सही लागेल, असा नियम केला. भिंतीवर मोठा फलक लावला. गावाच्या नावापुढे दर बुधवारी चिठ्ठी चिकटवायची: हिरवी म्हणजे ठीक, पिवळी म्हणजे लक्ष ठेवा, लाल म्हणजे अडलं, थांबा. हिरव्या चिठ्ठ्यांचे चार गठ्ठे संपले. पिवळ्यातल्या दहाबारा गेल्या. लाल चिठ्ठ्यांचा गठ्ठा प्लास्टिकच्या वेष्टनातच होता.

जानेवारीत वामनरावांच्या छातीत दुखलं. दोन स्टेंट पडले. दवाखान्याच्या जिन्यात त्यांच्या मुलीने, आरतीने, माझा हात धरला. “काकू, बाबांना टेन्शनचं काही सांगू नका. तुम्ही तिथे आहात म्हणून मी त्यांना ऑफिसला पाठवते.” मी मान हलवली. त्या मान हलवण्यापासून पुढचं सगळं झालं.

शुक्रवारच्या आधीच्या मंगळवारी कुलदीपचा फोन आला. वामनरावांना नाही, मला.

“काकू, धोत्राखारची टाकी काल अर्धी भरून पाह्यली. आज सकाळी पूर्वेकडच्या खांबाच्या बुडाशी भेग दिसून राहिली.”

“केवढी?”

“नखाएवढी. पण काल नोती.”

“साहेबांना सांगितलंस?”

“तुमीच सांगा ना. मले त्याइचा भेव लागते. म्हणजे त्याइचा नाही, त्याइच्या छातीचा. मी भेगेवर काचेची पट्टी चिकटवून ठेवली हाय. भेग हलली त पट्टी फुटन. नाही फुटली त नुसतं वरचं पलस्तर हाय असं समजू.”

काळ्या मातीचं मला वेगळं सांगायची गरज नव्हती. आमचं अंजनगावचं घर दर पावसाळ्यात फुगायचं आणि दर उन्हाळ्यात भेगाळायचं. बाबा भिंतीच्या भेगेत बोट घालून यंदा किती वाढली ते मोजायचे. तरी मी कुलदीपला म्हटलं, “शुक्रवार पार पडू दे बाबू. जेवण होऊ दे त्यांचं, मग सांगू.”

आमच्याकडे ही रीत आहे. वाईट बातमी उपाशी माणसाला सांगायची नाही. घरात कोणी गेल्याचा निरोप आला आणि घरचा माणूस पानावर बसलेला असेल, तर निरोप्याला दाराबाहेर बसवायचं. बसलेला नसेल तर आधी बसवायचं. एकदा कळलं की त्याच्या घशाखाली अन्न उतरणार नाही, म्हणून. कचेरीतही ही रीत कधी शिरली ते कळलं नाही. कुलदीपला शिकवावी लागली नाही. तो मूर्तिजापूरजवळच्या खेड्यातला, त्याच्याही घरी तेच.

बुधवारी बैठक झाली. वामनराव एकेका गावाचं नाव घेत होते आणि कुलदीप अकोल्याहून फोनवर उत्तर देत होता. फोन टेबलाच्या मधोमध उताणा ठेवलेला.

“धोत्राखार?”

फोनमधून मोटारसायकलीचा आवाज आला. मग, “ठीक हाय साहेब.”

आचलने हिरवी चिठ्ठी लावली. खुर्चीवरून उतरता उतरता हळूच म्हणाली, “काकू, कुलदीपदादाचा आवाज असा काहून येऊन राहिला?”

“सर्दी झाली असेल.”

दुपारी त्याने फोटो पाठवला. काचेची पट्टी मधोमध फुटली होती. मी तो फोटो बोटांनी मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला. जणू एखाद्या मापात ती सलग दिसेल. त्याने खाली लिहिलं होतं, टाकी अजून अर्धी भरलेली आहे, खाली करू का? पण खाली करणं म्हणजे कामात बदल, आणि बदलाला साहेबांची सही. तो नियम मीच सुवाच्य अक्षरात लिहिला होता. मी उत्तर दिलं, “अर्धीच राहू दे. दोन दिवसांचा प्रश्न आहे.” त्या रात्री जेवताना सुनेने दोनदा विचारलं, भाजी खारट झाली का.

गुरुवारी रागिणी मॅडम आल्या. चाळिशीची, कमी बोलणारी बाई. त्यांनी रजिस्टरं पाहिली, वेळापत्रक पाहिलं, मान डोलावली. वामनराव लग्नघरातल्या यजमानासारखे त्यांच्या मागे मागे होते. फलकापाशी त्या बराच वेळ उभ्या राहिल्या.

“लाल चिठ्ठ्या कुठे ठेवता?”

आचलने खणातून तो न फोडलेला गठ्ठा काढला आणि कौतुकाने दाखवला. “लागल्याच नाहीत मॅडम.”

रागिणी मॅडमनी गठ्ठा हातात घेऊन उलटा केला, परत दिला आणि वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मला आडवं दिसत होतं, वाचता येत नव्हतं.

“उद्या धोत्राखार दाखवतो तुम्हाला,” वामनराव म्हणाले. “टाकी गळ्यापर्यंत भरून. गावातल्या बाया पूजा करणार आहेत पाण्याची.” आणि मला काही सुचायच्या आत त्यांनी माणिकबाईला फोन लावला. माणिकबाई धोत्राखारच्या पाणी समितीची अध्यक्ष, पंपघराची किल्ली तिच्या कमरेला असायची. “माणिकबाई, सकाळी सातलेच मोटर लावजा. पूर्ण भरू द्या.”

मी पाण्याचा ग्लास उचलला आणि तसाच ठेवला. तेव्हा सांगायला हवं होतं. पण मॅडम समोर होत्या, आणि वामनराव दवाखान्यातून आल्यानंतर पहिल्यांदाच मोकळे हसत होते.

शुक्रवारी सकाळी आठला गाडी निघाली. पुढे ड्रायव्हरशेजारी वामनराव, मागे रागिणी मॅडम, आचल आणि मांडीवर रजिस्टरं घेऊन मी. बडनेऱ्याच्या पुढे कुलदीपचा निरोप आला: मोटर सुरू आहे. मी बसल्या जागी लिहिलं, बंद करायला सांग. पुढचा निरोप दहा मिनिटांनी: माणिकबाई म्हणते कारण सांग, वामनरावांचा हुकूम हाय. मग आणखी एक: कारण सांगू का?

मी फोन उपडा ठेवला. कारण सांगितलं की गावाला कळणार, गावाला कळलं की मॅडमना कळणार, आणि वामनरावांना पन्नास लोकांसमोर कळणार. अकोल्याच्या विश्रामगृहावर दुपारचं जेवण ठरलं होतं. जेवण झालं की बाजूला घेऊन सांगायचं, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. पण आधी धोत्राखार होतं आणि मग जेवण. हा क्रम मला सोयीचा नव्हता, म्हणून मी तो डोक्यातून काढूनच टाकला होता. बाहेर हरभरा पिवळा पडायला लागला होता. आचल मॅडमना दोन्ही बाजूंची पिकं ओळखून दाखवत होती.

मूर्तिजापूरला साडेनऊला गाडी थांबली. वामनरावांच्या गोळ्या खाण्यावरच्या होत्या. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका हॉटेलात आम्ही बसलो आणि त्यांनी घरचा डबा काढला. तेवढ्यात फोन वाजला. मी उठून दाराशी गेले.

“काकू, पाऊण भरली.” कुलदीपचा आवाज फाटल्यासारखा येत होता. “तीसचाळीस बाया जमल्या हायेत. सावली टाकीचीच हाय ना, खालीच बसल्या. लेकरं हायेत. मी दुसरी पट्टी लावली थेबी गेली. मी काय करू सांगा. तुमी म्हणान थे करतो.”

तुम्ही म्हणाल ते. एवढ्या मोठ्या टाकीचं ओझं त्या पोराने माझ्यावर ठेवलं होतं, कारण मी ते मागून घेतलं होतं.

दारातून मूर्तिजापूर स्टेशनचं छप्पर दिसत होतं. आता तिथली छोटी शकुंतला गाडी बंद आहे. एकोणऐंशी साली होती. मी तेव्हा बावीस वर्षांची, अकोल्याला नवी नोकरी, नवं सासर. सकाळी अंजनगावहून तार आली ती सासूबाईंनी, पार्बताबाईंनी, पदराखाली ठेवली. मी मधल्या सुटीत घरी आले तेव्हा त्यांनी पान वाढलं. वांग्याची भाजी, भाकर. “अजून घे वं, पोटभर खाय,” म्हणून दुसऱ्यांदा वाढलं. मी कचेरीतली एक गंमत सांगत होते, त्या हसल्यासुद्धा. हात धुतल्यावर म्हणाल्या, “बाप गेला तुहा.” मी मूर्तिजापूरला पोचले तेव्हा शकुंतला अर्ध्या तासापूर्वी सुटली होती. मिळेल त्या बसने अंजनगावला गेले. घरात दिवे लागले होते आणि अंगण सारवून झालं होतं. बाबांचं तोंड मला दिसलं नाही. सासूबाईंनी वाईट केलं असं मी कधी म्हटलं नाही, त्यांनी मायेनेच केलं. पण त्यांच्या हातची वांग्याची भाजी मी नंतर कधी खाऊ शकले नाही.

मी आत आले. वामनरावांनी पोळीचा तुकडा मोडला होता. रागिणी मॅडम चहात बिस्कीट बुडवत होत्या. मी डब्यावर झाकण ठेवलं.

“हे काय शकुनबाई?”

“साहेब, खाऊ नका. आधी ऐका.”

सगळं सांगितलं. मंगळवारची भेग, बुधवारची पट्टी, आत्ताच्या बाया. मॅडम ऐकत होत्या, त्यांना ऐकू येऊ नये म्हणून मी आवाजही खाली घेतला नाही. वामनरावांनी एक हात छातीवर नेला. पण ते खिशातला फोन काढत होते.

“माणिकबाई, मोटर बंद कर. आत्ता. बायांले टाकीखालून हटव.”

पलीकडचा आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू आला. “पूजा मांडली ना भाऊ. कलश ठेवला.”

“कलश राहू दे तिथंच. लेकरं उचल आन् शाळेजवळच्या निंबाखाली ने. टाकीच्या खांबाले भेग पडली हाय.”

“मंग थो इंजिनेर सकाळपासून तोंडात मूग धरून काहून फिरून राहिला?”

“त्याची चूक नाही. बायांले हटव पहिले.”

फोन चालूच राहिला. माणिकबाईची हाळी, भांड्यांचे आवाज, एक मूल रडलं, मग मोटरीची घरघर थांबली. मग कुलदीप लांबून ओरडला, “खालचा वॉल्व्ह खोलला साहेब.” वामनरावांनी तेव्हा फोन ठेवला. आचल रडत होती. शेवटी रागिणी मॅडम म्हणाल्या, “सर, आधी काही खाऊन गोळी घ्या. मग निघू.”

ते निमूटपणे जेवले. गाडीत बसल्यावर पुढे पाहतच त्यांनी विचारलं, “किती दिवसांपासून माहीत होतं?”

“मंगळवारपासून.”

“मी मरीन म्हणून भेल्या का?”

“हो.”

“मेलो असतो त एकटा मेलो असतो शकुनबाई.”

धोत्राखारला पोचलो तेव्हा टाकीतलं पाणी नाल्याला धावत होतं आणि गावातल्या म्हशी त्यात उभ्या होत्या. बाया निंबाखाली बसलेल्या. आम्ही खाली उतरताच माणिकबाई माझ्याकडे आली. “तुले माहीत होतं म्हणते थो पोट्टा. माही नात होती वं खाली.” ती मला शिव्या देईल असं वाटलं. तिने दिल्या नाहीत, नुसती पाहत राहिली. ते जास्त होतं.

भेग आता बोट जाईल एवढी होती. वामनराव उकिडवे बसले आणि त्यांनी त्यात खरंच बोट घातलं. नंतर इंजिनिअरिंग कॉलेजातल्या जाणकारांनी सांगितलं, त्या खांबाखालची माती बसली होती. पूर्ण भरली असती तर काय झालं असतं? सांगता येत नाही, म्हणाले. पडली असती किंवा वर्षभर उभी राहिली असती.

सोमवारी वामनराव कक्षात आले आणि त्यांनी स्वतः लाल चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्याचं वेष्टन फाडलं. पहिली धोत्राखारच्या पुढे लावली. मग आमच्याकडे वळून म्हणाले, “आता बोला. कोणाच्या पोटात काय काय हाय?” ते खुर्ची ओढून फलकासमोर बसले. मग आचलने एका गावच्या नळांचं सांगितलं, वेळापत्रक तिने मागे सारून ठेवलं होतं. मग कुलदीपने आणखी एका टाकीचं. आठ गावांपुढे चार लाल चिठ्ठ्या लागल्या. वामनरावांचा चेहरा पांढरा पडला होता, पण ते उठून गेले नाहीत. पुढच्या बुधवारपासून बैठकीची सुरुवात लालपासून व्हायची, चहा नंतर.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पत्र आलं. दुसरी पायरी. रागिणी मॅडमनी लिहिलं होतं की दप्तर तिसऱ्या पायरीचं आहे, पण अडचण वर पोचायला चार दिवस लागतात आणि ती पोचली तीही एका व्यक्तीच्या धैर्यावर, रीतीवर नाही. मला ते वाचून बरं वाटलं नाही. धैर्य म्हणायला तो शुक्रवार उजाडायला नको होता. एकतीस मार्चला आम्ही फलक उतरवला. तोवर चार लालपैकी तीन हिरव्या झाल्या होत्या, या वेळी खऱ्या.

चौदा गावं नागपूरच्या कंपनीकडे गेली. तिने कुलदीपला ठेवून घेतलं. तो आता मोठा साहेब झाला आहे, दर्यापूरकडे असतो. त्याच्या गाडीत काचेच्या पट्ट्यांचं खोकं असतं आणि पट्टी फुटली की तो कोणाच्या जेवणाची वाट पाहत नाही, असं त्याच्या हाताखालची मुलं सांगतात. आचल स्पर्धा परीक्षेत पास होऊन अंजनगाव सुर्जीच्या तहसील कचेरीत लागली. तिच्या टेबलामागे लहानसा फलक आहे, लाल चिठ्ठ्यांसकट. वरिष्ठांना तो आवडत नाही. रागिणी मॅडमची पुन्हा भेट झाली नाही. दिवाळीला त्यांचा एक निरोप येतो, तेवढाच.

धोत्राखारच्या टाकीचा तो खांब खणून नव्याने उभारला. त्या वर्षीच्या दसऱ्याला पाणी सुरू झालं. माणिकबाई माझ्याशी वर्षभर बोलली नाही. मग एके दिवशी तिचाच फोन आला, “डाळ दोन शिट्यांत शिजते वं आता,” आणि ठेवून दिला. तिची नात शाळेत जाते.

वामनराव अजून आहेत. सकाळी कॅम्प भागात फिरायला जातात, मुलगी मागे असते. चौदापैकी नऊ गावांत पाणी आलं. प्रत्येक वेळी ते मला फोन करतात, गावाचं नाव सांगतात, बाकी काही बोलत नाहीत.

मी साईनगरला मुलाकडे असते. मागच्या महिन्यात जावई जेवायला आला होता. त्याची मावशी गेल्याचा फोन तो हात धूत असताना मी घेतला. सुनेने मला डोळ्यांनी खुणावलं, राहू द्या, दोन घास जाऊ द्या. ताट वाढलेलं होतं. मी ते बाजूला सारलं आणि त्याला सांगितलं. तो उठला, गाडीची किल्ली घेतली. बडनेऱ्याहून सुटणारी रेल्वेगाडी त्याला मिळाली.